रस्सा मोजत नाहीत

टेबलावर अठरा बशा होत्या. रेंदांगची, म्हणजे नारळाच्या दुधात आटवलेल्या मांसाची, एक, तळलेल्या कोंबडीची एक, नारळाच्या रसात शिजवलेल्या कोंबडीची एक, गाईच्या मेंदूची एक, खुरांची एक, अंडं भरून शिजवलेल्या आतड्याची एक, फुप्फुसाच्या कुरकुरीत चकत्यांची एक, वाळवलेल्या मांसाच्या कापांची एक, कोळंबीची एक, माशांच्या तीन आणि अंड्यांच्या दोन. या झाल्या चौदा. उरलेल्या चारांत उकडलेला कसाव्याचा पाला, कोवळ्या फणसाची रसभाजी, तेलात बुडालेला हिरव्या मिरचीचा ठेचा आणि नुसता रस्सा.

सुमात्रातल्या पायाकुंबु शहरात कुठल्याही बऱ्या खानावळीत असंच वाढतात. गिऱ्हाईक बसलं की वाढपी डाव्या हातावर कोपरापर्यंत बशा रचून येतो आणि काही न विचारता सगळ्या समोर मांडतो. ज्या बशीला हात लावाल ती तुमची, जिला लावला नाही ती पुढच्या टेबलाची. जेवण आटपलं की तो टेबलावरून एक नजर फिरवतो आणि आकडा सांगतो. चौदा बशा मोजायच्या असतात. शेवटच्या चार मोजत नाहीत. त्या भाताबरोबर येतात, संपल्या तर पुन्हा येतात, आणि त्यांचा हिशेब ठेवणारी खानावळ दुसऱ्या महिन्यात बंद पडेल.

यास्रिल या खानावळीत गेली बावीस वर्षं दुपारचे जेवत होते. समोरच्याच वजनमापे कार्यालयात ते निरीक्षक होते. बाजारातल्या प्रत्येक तराजूवर त्यांच्या हातचं सील होतं आणि ते येताना दिसले की मासेवाल्या बायका विनाकारण काटा पुसायला घेत. तराजूवर रिकामं पातेलं ठेवलं की आधी काटा शून्यावर आणायचा, मग त्यात माल टाकायचा, हे त्यांनी अर्ध्या शहराला शिकवलं होतं. पातेलं मोजायचं नाही आणि रस्साही मोजायचा नाही, या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात एकाच कप्प्यात होत्या.

त्या दिवशी त्यांनी मेंदू, खूर आणि रेंदांग अशा तीन बशा घेतल्या आणि तृप्त मनाने सरकारी दवाखान्यात गेले. सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं होतं, त्याचा निकाल आणायचा होता.

निकाल दोनशे अडुसष्ट होता.

"काका, कोलेस्टेरॉल दोनशेच्या खाली हवं," डॉ. रहमी म्हणाल्या. त्या त्यांच्या मुलीच्या वयाच्या होत्या आणि सकाळपासून चहा प्यायला उठल्या नव्हत्या. "रोज रात्री एक गोळी. लिहून देते."

"किती दिवस?"

"दिवस नाही काका, कायमची."

यास्रिलना गोळीचा राग नव्हता, 'कायमची'चा होता. "हे बघा डॉक्टर, काटा चुकीचं वजन दाखवायला लागला की आधी त्याचे पाय समतल करतात. स्क्रू फिरवून बघतात. लगेच कायमचा ठोकळा खाली सारत नाहीत."

"तुम्ही काटा नाही, काका."

"तत्त्व तेच आहे."

"घरात कुणाला हृदयाचा त्रास?"

"थोरला भाऊ गेला. छप्पन्नाव्या वर्षी."

"आणि तुमचं वय?"

"चोपन्न."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग बाहेरची रांग बघून पुन्हा उचललं. "तीन महिने देते. मांस बंद, मेंदू-आतडी बंद, तळलेलं बंद. नारळाचं दूध जपून. चालायला लागा. तीन महिन्यांनी दोनशेच्या खाली नाही आलं तर गोळी."

पहिल्या तीन गोष्टी यास्रिलनी मनात पक्क्या कोरून घेतल्या. चौथी मात्र निसटली. 'जपून' हे माप वजनमापे कायद्यात कुठेही नव्हतं.

घरी बायकोला, एर्माला, त्यांनी हे सगळं तत्त्वासकट सांगितलं. एर्मा शिवणयंत्रावर बसली होती. तिनं पाय थांबवला, पण मान वर केली नाही. तिच्या थोरल्या दिरांचा तो दिवस तिला आठवत होता. दुपारी जेवून उठलेला माणूस हात धुवायला गेला आणि नळ तसाच वाहत राहिला.

"तीन महिने," ती म्हणाली. "आकडा खाली नाही आला तर त्या रात्री गोळी. आणि तेव्हा मला काट्याचं काही सांगायचं नाही."

"शब्द दिला."

"मला शब्द नको. मला तुम्ही साठ वर्षांचे झालेले बघायचे आहेत."

यास्रिलनी चपला घातल्या आणि ते चालायला बाहेर पडले.

गल्लीच्या टोकापर्यंत पोचेस्तोवर बातमी त्यांच्या पुढे गेली होती. शेजारच्या लिसबाईंनी त्यांना तमालपत्राचं पाणी सांगितलं: सात पानं, तीन पेले पाणी, एक पेला उरेपर्यंत उकळायचं. समोरच्या शिक्षकांनी मामफळाची पानं सांगितली आणि तमालपत्र घातक असल्याचं हळू आवाजात कळवलं. मशिदीच्या पायरीवर एकानं लसूण, आलं आणि व्हिनेगरची बाटली आणून दिली. ती उघडताच यास्रिलच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि देणाऱ्याला वाटलं, माणूस भारावला. कार्यालयातल्या जोनेदीचा उपाय सर्वांत सोपा होता. "उदा," तो म्हणाला (उदा म्हणजे दादा, जोनेदी त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होता), "जेवल्यावर काकडी खायची. चरबी काकडीला चिकटते आणि निघून जाते. मी तर खुरांबरोबरच दोन काकड्या घेतो."

"तुझं रक्त तपासलंस?"

"तपासलं की मग कळतं ना, उदा. मी त्या भानगडीतच पडत नाही."

खरी अडचण मात्र घरात होती.

घर सासूबाईंचं होतं. पायाकुंबुत घरं आणि शेतं आईकडून लेकीकडे जातात. नवरा लग्न होऊन बायकोच्या घरी येतो आणि घरात कितीही वर्षं काढली तरी तो मानाचा पाहुणाच राहतो. लग्नाच्या दिवशी त्याला एक पदवी मिळते आणि सासरचे लोक त्याला त्याच नावाने हाक मारतात. यास्रिल या घरात सुतान माराजो होते. सव्वीस वर्षांत सासूबाईंनी त्यांचं खरं नाव एकदाही उच्चारलं नव्हतं. सुताननं स्वयंपाकघरात जायचं नसतं, काय हवं ते सांगायचं नसतं आणि समोर आलेल्याला नको म्हणायचं नसतं. जावयानं ताट सरकवलं तर त्याचा अर्थ एकच होतो, की हे घर आता त्याला नकोसं झालंय.

हे यास्रिलना माहीत नव्हतं असं नाही. पण त्यांना वाटलं, वैद्यकीय कारणाला रूढीत सूट असणार.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी रेंदांगची बशी हळूच बाजूला सारली. एकोणऐंशी वर्षांच्या सासूबाईंनी ती उचलून आत नेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मेंदू केला. तोही राहिला. तिसऱ्या दिवशी पहाटे उठून त्यांनी हिरव्या मिरचीतलं बदक केलं, जे त्या घरात फक्त ईदला होत असे. यास्रिलनी बदकाकडे बघितलं, बदकाच्या कडेनं तरंगणाऱ्या तेलाकडे बघितलं आणि म्हणाले, "नको, आई. आज जरा पोट भरलंय."

चौथ्या दिवशी सासूबाईंनी चूल पेटवली नाही. त्या आपल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या.

"अहो," एर्मा दारात येऊन म्हणाली, "आई विचारतेय, तुम्ही कशावर नाराज आहात."

"कोलेस्टेरॉल आहे म्हणून सांग की त्यांना."

"सांगितलं. ती म्हणते, ते तर सगळ्यांनाच असतं, म्हणून कुणी बदक सोडतं का."

शहरात याचा वेगळाच अर्थ लागला. घरी जेवत नाही म्हणजे दुसरीकडे जेवतो, हे उघडच होतं. संध्याकाळी चालायला जातो, तेही एकटा, हे तर आणखीच उघड होतं. जोनेदीनं कपाटामागे नेऊन विचारलं, "उदा, मला तरी सांगा. कुठली आहे?"

"कोण कुठली?"

"जाऊ द्या. नका सांगू. पण वजन मात्र चांगलं उतरलंय हो तुमचं." हे शेवटचं वाक्य खोटं होतं. वजन अजून उतरलं नव्हतं.

शुक्रवारच्या नमाजानंतर दातुक बासा घरी आले. हे सासूबाईंचे धाकटे भाऊ आणि कुळाचे प्रमुख. काळी टोपी, खांद्यावर घडी केलेलं वस्त्र आणि हातात विड्याचा डबा. या तीन गोष्टी एकत्र आल्या की बोलणं साधं नसतं. पुढच्या खोलीत चटई अंथरली गेली. दातुकांनी आधी डोंगराचं, मग नदीचं, मग नदीकाठी आलेल्या पहिल्या माणसांचं वर्णन केलं. ती माणसं शेतीला लागेपर्यंत यास्रिलचा डावा पाय पूर्ण बधिर झाला होता.

"आता," दातुक म्हणाले, "पाहुणा या घराच्या अन्नाला हात लावत नाही, असं आमच्या कानावर आलंय. घराकडून काही कमी झालं का?"

"काही कमी नाही, दातुक. जास्तच झालं. दोनशे अडुसष्ट झालं."

"काय झालं?"

"रक्तातली चरबी."

दातुकांनी विड्याचा डबा उघडला. आतल्या पडद्यामागे सासूबाई ऐकत होत्या, हे त्यांच्या बांगडीच्या आवाजावरून कळत होतं.

"डॉक्टर नेमकं काय म्हणाली?"

"मांस खायचं नाही. मेंदू, आतडं खायचं नाही. तळलेलं नाही."

"आणि घराचं म्हणणं असं, की ताटाला पाठ दाखवायची नाही." दातुकांनी विडा लावायला घेतला. त्यांनी शेतांचे तंटे मिटवले होते, एकदा तर एका म्हशीवर दोन गावांचा समझोता केला होता. हा मामला त्याहून लहान नव्हता. विडा तोंडात गेला आणि तोडगा बाहेर आला. "तुकडा बशीत राहू दे. रस्सा ताटात जाऊ दे. भातावर रस्सा घेतला की तो घरचं जेवला. तुकडा सोडला की डॉक्टरचं ऐकलं. दोघांचा मान राहिला."

सगळ्यांचे चेहरे एकदम सैल झाले. यास्रिलना तर दातुकांच्या बुद्धीचं मनापासून कौतुक वाटलं. त्या घरात तेव्हा चार मोठी माणसं होती, त्यांतला एक मापाचं शास्त्र शिकलेला होता, आणि एकाच्याही मनात काही आलं नाही. रस्सा कुणी मोजत नाही.

"ताई," दातुकांनी आत आवाज दिला, "चूल पेटव."

बांगडी वाजली.

तेव्हापासून यास्रिल कमालीच्या शिस्तीनं जेवू लागले. घरी भातावर रस्सा, खानावळीत भातावर रस्सा. खानावळीत अठरा बशा पूर्वीसारख्याच येत. ते चौदांकडे शांत नजरेनं बघत आणि उरलेल्या चारांवर जेवत: कसाव्याचा पाला, फणसाची रसभाजी, ठेचा, रस्सा. रस्सा संपला की पुन्हा मागवत. पोट भरायला तेवढंच होतं, त्यामुळे पुन्हा पुन्हा मागवत.

वाढपी येऊन टेबलाकडे बघी आणि हळू आवाजात विचारी, "नुसता भात?"

"नुसता भात."

पहिल्या आठवड्यात तो चेष्टेनं विचारत होता. दुसऱ्या आठवड्यात काळजीनं विचारू लागला. तिसऱ्या आठवड्यात त्यानं न मागता एक उकडलेलं अंडं भाताखाली दडवून आणलं. यास्रिलना ते घास घेताना सापडलं.

"हे काय?"

"राहू द्या साहेब. कधीकधी पगाराला उशीर होतो, माहितीय मला."

बावीस वर्षं ज्या बाजारात आपण मान ताठ ठेवून हिंडलो, तिथं आता मासेवाल्या बायका आपल्याकडे दयेनं बघतात, ही गोष्ट यास्रिलना फार लागली. एकीनं तर वजन तपासून झाल्यावर दोन बांगडे वर्तमानपत्रात गुंडाळून पुढे केले. निरीक्षकाला मासे देणं हा गुन्हा आहे असं त्यांनी तिला सुनावलं. ती म्हणाली, "निरीक्षकाला कुठे देतेय, उपाशी माणसाला देतेय."

यास्रिलनी हे सगळं त्याग म्हणून सहन केलं. रोज संध्याकाळी ते नदीपर्यंत चालून येत. आपण हलके झालोय असं त्यांना वाटे. पट्टा मात्र एक भोक बाहेर सरकला होता. थंड हवेत चामडं आक्रसतं, असा त्याचा त्यांनी खुलासा केला. एर्मानं खुलासा ऐकून घेतला आणि पट्ट्याकडे आणखी थोडा वेळ बघितलं.

तीन महिने संपले. आता रक्त तपासायचं, म्हणजे साधी गोष्ट, असं यास्रिलना वाटलं होतं. दवाखान्याच्या खिडकीतल्या बाईंनी त्यांचं कार्ड उलटसुलट केलं.

"ही तपासणी विम्यात बसवायची तर जुनाट आजाराच्या मंडळात नाव हवं. साखर आहे का तुम्हाला?"

"नाही."

"रक्तदाब?"

"नाही."

"काहीच नाही?" बाईंचा आवाज खरोखर हळवा झाला. "अरेरे. दोन्हींपैकी एक जरी असतं ना, तर लगेच झालं असतं."

"मग माझ्यासारख्यानं काय करायचं?"

"डॉक्टरांची चिठ्ठी आणा. नाहीतर शनिवारी सकाळी मंडळाच्या कवायतीला या. तिथं बाई ओळखीच्या झाल्या की त्या बघतील काहीतरी."

यास्रिल शनिवारी कवायतीला गेले. साठी-सत्तरीच्या तीस-एक बायकांच्या मागच्या रांगेत उभे राहून त्यांनी गाण्याच्या ठेक्यावर हात वर केले, खाली केले आणि टाळी वाजवली. टाळी दर वेळी अर्ध्या सेकंदानं चुकत होती. पुढची आजी मागे वळून म्हणाली, "नवीन आहात का? साखर की दाब?"

"कोलेस्टेरॉल."

"एवढंच?" आजी पुढे वळली.

नंतर रात्रभर उपाशी राहून ते दवाखान्यात गेले, तर तपासणीचं रसायन संपलेलं होतं. पुन्हा उपाशी राहून गेले, तर यंत्र चालवणाऱ्या बाई मुलाच्या शाळेत गेल्या होत्या. तिसऱ्या खेपेला रक्त घेतलं गेलं. निकाल घ्यायला एर्माही आली. ती कधी येत नसे.

दोनशे एक्याण्णव.

डॉ. रहमींनी कागद दोनदा वाचला. "काका, तुम्ही खरंच मांस सोडलं?"

"एक तुकडा नाही."

"खरं आहे, डॉक्टर," एर्मा म्हणाली. "मी बघतेय ना. तुकडा बशीतच असतो."

"मग हे यंत्र कधी तपासलंय?" यास्रिल म्हणाले. त्यांचा आवाज कार्यालयातला झाला होता. "मला त्यावरची चिकटपट्टी बघायची आहे."

डॉक्टर दमल्या होत्या, म्हणून त्यांनी बघू दिलं. यास्रिलनी चष्मा लावून यंत्राला एक फेरी मारली. चिकटपट्टी होती. तारीख चालू होती, सही होती, क्रमांकही जुळत होता. आयुष्यात पहिल्यांदाच एखादं मापाचं साधन बिनचूक निघाल्याचं त्यांना वाईट वाटलं. तरीही त्यांनी एर्माला रिक्षात बसवून शहराच्या दुसऱ्या टोकाला एका खासगी प्रयोगशाळेत नेलं आणि तिथं पुन्हा दंड पुढे केला.

दोनशे चौऱ्याण्णव.

"तीनचा फरक," परत येताना यास्रिल म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे दोन्ही यंत्रं बरोबर आहेत."

एर्मानं पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध तिनं वाटेत केव्हा घेतलं, ते यास्रिलना कळलंही नव्हतं. "शब्द दिला होता तुम्ही."

त्या रात्री यास्रिलनी तत्त्वाचा उल्लेख न करता गोळी घेतली. पण झोपण्यापूर्वी ते म्हणाले, "गोळी घेईन. रोज घेईन. पण चुकलं कुठे ते मला कळायला हवं. तीन महिने माझ्या ताटात काही नव्हतं गं."

"रस्सा होता," एर्मा सहज म्हणाली आणि कूस वळवून झोपली.

दुसऱ्या दिवशी यास्रिलनी कार्यालयातून खुणांची काचेची नळी घरी आणली. तेल विकणाऱ्यांची मापं तपासायला ती वापरत. दुपारी खानावळीत त्यांनी नेहमीइतकाच रस्सा घेतला, पण भातावर न ओतता नळीत ओतला. वाढप्याला वाटलं, साहेब आता घरच्यांसाठी नेतायत. त्यानं डोळे पुसत आणखी एक पळी दिली, ती मात्र यास्रिलनी नाकारली, कारण ती प्रयोगात बसत नव्हती. रात्री घरच्या रश्श्याचा वाटाही त्याच नळीत गेला. एकूण तीनशे दहा मिलिलिटर झाले. नळीचं तोंड झाकून त्यांनी ती एर्माकरवी फ्रीजमध्ये उभी करवली.

सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली.

"सुतान! हा डालडा कुणी ठेवलाय इथं?"

स्वयंपाकघरात जायचं नसतं हे विसरून यास्रिल आत गेले. सासूबाई नळी उजेडात धरून उभ्या होत्या. खाली पिवळसर पाणी होतं, मसाला तळाशी बसला होता, आणि वर पांढरा, घट्ट, मेणासारखा थर जमला होता. यास्रिलनी नळी घेऊन डोळ्यांच्या रेषेत धरली. तीनशे दहापैकी बहात्तर.

"डालडा नाही, आई. रस्सा आहे. एका दिवसाचा. माझा."

"हा?"

"हा."

सासूबाईंनी थराला बोटानं टोचून बघितलं. बोट उमटलं. त्या हळूच पाटावर बसल्या.

"मला काय माहीत," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मांस खात नाही बिचारा, तर रश्श्यात तरी दम हवा. म्हणून मी रोज दोन नारळ जास्त घालत होते."

तीन महिने. रोज दोन नारळ. यास्रिलच्या डोक्यात गुणाकार सुरू झाला होता, तो त्यांनी बळेच थांबवला. म्हातारीचा हात पदराशी चाळा करत होता. ती पहाटे उठून नारळ खवत होती, तो आवाज त्यांनी अंथरुणातून कितीतरी वेळा ऐकला होता.

"चव फार सुरेख होती, आई," ते म्हणाले. हेही खरंच होतं.

त्या संध्याकाळी ताटात वेगळंच काही आलं. लालभडक, पातळ, पाण्यासारखं कालवण. त्यात ट्यूना माशाचा तुकडा, भरपूर मिरची आणि आमसुलासारखी एक आंबट काळी साल. नारळाचा मागमूस नव्हता. वर तेलाचा थेंबही तरंगत नव्हता. यास्रिलनी एक घास घेतला. कान गरम झाले, डोळ्यांत पाणी आलं आणि दुसरा घास आपोआप गेला.

"हे काय आहे?"

"आसाम पादेह," एर्मा म्हणाली. "आई करते कधीकधी. मी आणि आई दोघीच असलो की."

"सव्वीस वर्षांत मला कधी वाढलं नाही!"

"तुम्हाला कसं वाढणार? यात नारळ नाही, काही नाही. नुसतं पाणी नि मासा. पाहुण्याला असलं वाढतात का?"

यास्रिल थांबले. त्यांनी दाराकडे बघितलं. सासूबाई तिथं उभ्या होत्या. सुताननं काही मागायचं नसतं, म्हणून त्यांनी विचार केला, मग ताट थोडं पुढे केलं.

"आई, अजून आहे का?"

सासूबाई पातेलं घेऊन बाहेर आल्या, टेबलाशी टेकल्या आणि स्वतःच्या हातानं वाढलं. "आहे की. पातेलंभर आहे. यास्रिल, काटा बघून खा हं, माशाचा."

एर्मानं मान खाली घातली आणि भात कालवत राहिली.

त्यानंतरच्या तीन महिन्यांत घरात नारळ फक्त पाहुण्यांसाठी फुटला. खानावळीत यास्रिल आता पाल्याबरोबर भाजलेल्या माशाची एक बशी घेत. ती मोजली जाई, आणि वाढप्यानं पगार सुरू झाल्याबद्दल त्यांचं अभिनंदन केलं. दातुक बासा एकदा सहज आले, त्यांना नळी दाखवण्यात आली. त्यांनी ती खूप वेळ न्याहाळली, "म्हणजे हेही मोजायचं असतं होय," एवढंच म्हणाले आणि विडा न लावताच गेले. जोनेदी काकडीवर ठाम राहिला.

यास्रिल रोज रात्री गोळी घेत होते. एक गोष्ट मात्र त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती.

"आपण एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या," ते एर्माला म्हणाले. तपासणीचा दिवस जवळ आला होता. "गोळी सुरू केली आणि रस्सा बंद केला. उद्या आकडा उतरला, तर तो कशानं उतरला हे कसं ठरवणार? प्रयोग असा करत नाहीत. खरं तर एक महिना गोळी थांबवून, नुसत्या आसाम पादेहवर—"

"नाही."

"किंवा उलट. गोळी चालू ठेवून थोडासा रस्सा—"

"नाही."

"मग कळणार कसं?"

एर्मानं शिवणयंत्राचा पाय थांबवला, पण या वेळी मान वर केली. "नाही कळलं तर काय होईल?"

यास्रिलनी प्रामाणिकपणे विचार केला. असा प्रश्न त्यांना बावीस वर्षांच्या नोकरीत कुणी विचारला नव्हता. उत्तर त्यांच्याजवळ होतं, पण ते कार्यालयात चालणारं नव्हतं, म्हणून त्यांनी दिलं नाही.

रक्त पहिल्याच खेपेला घेतलं गेलं. रसायन होतं, बाई होत्या आणि कवायतीतल्या आजींनी रांगेत त्यांच्यासाठी जागाही धरली होती. निकालाला एर्मा आली आणि सासूबाईही आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. डॉ. रहमींनी कागद उघडला आणि तिघांसमोर टेबलावर ठेवला. यास्रिलनी चष्मा लावला.

एकशे त्र्याऐंशी.